काळ्या लोकरीची गाठ

कासमचाचांनी दुकानाला कधी कुलूप लावलं नाही. कुणी त्यावरून टोकलं की म्हणायचे, "कुलूप चोरासाठी असतंय बाबा. माझ्या दुकानात चोरानं न्यायचं काय, लोकर? नेऊ दे की. पाठीवर घेऊन चाललं की त्यालाच घाम फुटंल."

ते गावात नसले की दाराच्या कडीला काळ्या लोकरीचा एक धागा गुंडाळलेला असायचा, जाडसर, हातानं वळलेला आणि शेवटी गाठ मारलेला. मेंढक्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता: शेठ कळपांकडं गेलाय, गाठ सोडा, लोकर आत टाका, जाताना पुन्हा बांधा. चाचा परतले की ढिगाकडं बघून कुणाची किती ते विचारायचे आणि समोरचा सांगेल ते मान्य करायचे. यात ते अनेकदा फसले. फसवणारा कोण हेही त्यांना माहीत असायचं. पुढच्या वेळी त्याला चहा पाजून म्हणायचे, "मागल्या बारीला तुझी मेंढरं लईच केसाळ झालती रे."

आमच्या तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. बीड जिल्ह्यातला, पाटोद्याच्या बाजूचा, एवढं पुरे. नाव आलं की लोक माणसं ओळखायला लागतात. मला एकाच माणसाबद्दल लिहायचं आहे. दुसरा मी आहे, आणि त्याला शक्य तितकं बाजूला ठेवणार होतो. ते पूर्ण जमणार नाही, हे लिहायला बसल्यावर कळलं.

चाचांचं दुकान म्हणजे बाजारगल्लीतलं एक लांबट आवार. पुढं दगडी ओटा, दोन फळ्यांचं दार, आत पत्र्याची शेड आणि आढ्याला टांगलेला मोठा तराजू. दोन्ही बाजूंना मोबाइलची, झेरॉक्सची, साड्यांची दुकानं झाली. त्यांच्या काचांमध्ये हे आवार म्हणजे लग्नाच्या पंगतीत घोंगडं पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसायचं. वीज त्यांनी घेतलीच नाही. दिवस मावळला की दुकान मिटायचं, मग दिवा कशाला?

दर गुरुवारी ते स्वतःच्या हातानं दाढीला मेंदी लावायचे आणि हात नीट धुवायचे नाहीत. त्यामुळं त्यांनी चाचपलेल्या पांढऱ्या लोकरीवर केशरी बोटं उमटायची. मेंढके त्याला शेठचा शिक्का म्हणायचे. सही उर्दूत करायचे. ती वडिलांनी शिकवलेली होती, आणि चाचांना उर्दूतलं तेवढंच येत होतं. कागदावरचा रकाना केवढाही असो, सही त्याच्या बाहेर जायची. "सही हाय, शेळी न्हाई, दाव्याला बांधून ठिवायला," असं त्यांचं म्हणणं.

भावाचा अंदाज त्यांना कधीच आला नाही. दरसाल दिवाळी झाली की सांगायचे, औंदा मुंबईचा भाव वर जाणार. तो कधी गेला नाही. शेवटी शेवटी तर कातरलेली लोकर लोक रानातच टाकून द्यायला लागले. चाचा मात्र घेत राहिले. माझे वडील आप्पा, मेंढरं राखणारे, त्यांच्या बरोबरीचे. ते ओट्यावर बसून चिडवायचे, "कावून घेतो बे ही लोकर? तुझा तो मुंबईचा भाव बैलगाडीत बसून निघालाय का?" चाचा म्हणायचे, "मी घ्यायची बंद केली तर तू इथं बसायला कोणत्या तोंडानं येशील बे?" खरं तर तोवर लोकर निमित्तालाच उरली होती. रानातून आलेल्या माणसाला बाजारात टेकायला एक ओटा होता, एवढंच.

आणि चहा. समोर कोणीही बसलेलं असो, चाचा एकच कप मागवायचे. अर्धा बशीत ओतून समोर सरकवायचे, अर्धा कपात स्वतःला. दोन कप मागवले की त्यांना राग यायचा. सौदा ठरला की बशी, भांडण मिटलं की बशी, कुणाच्या घरी मयत झाली तरी बशी. "अख्खा कप एकट्यानं पिणाऱ्याशी यवहार करू नये," हे त्यांचं जगण्यातलं एकुलतं एक तत्त्व म्हणता येईल. मी कारकून म्हणून लागलो त्या दिवशी पेढे घेऊन गेलो होतो. त्यांनी पेढा नाकारला, त्यांना गोड चालत नव्हतं, पण बशी भरून दिली. "आपला माणूस हापिसात बसला," असं त्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितलं. हे त्यांनी सांगायला नको होतं असं मला तेव्हाही वाटलं होतं. मी मेंढक्याचा पोरगा आहे हे ऑफिसात कळू नये, असं मला त्या काळी फार वाटायचं. तो काळ पुढं किती लांबला, ते येईलच.

त्यांची एक गोष्ट होती. ती ते दुसऱ्याचीच असल्यासारखी, हसत सांगायचे. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे मोठे चुलते कराचीला निघून गेले. चाचा तेव्हा पाळण्यात होते, त्यांनी चुलत्याचं तोंडही पाहिलं नाही. पेढी मात्र दोघा भावांच्या नावानं चालू राहिली. मुंबईच्या बंदरावर गोदामात गठ्ठे जायचे, तिथून जहाजानं बाहेर. मग पासष्टची लढाई लागली आणि गोदामाला सरकारी सील लागलं. कोवळ्या मिसरुडाचे चाचा वडिलांबरोबर मुंबईला गेले. तिथला अधिकारी म्हणाला, यातला निम्मा माल शत्रूचा आहे, कोणता ते दाखवा, उरलेला घेऊन जा. वडिलांनी एका गठ्ठ्यात हात घालून मूठभर लोकर काढली, अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, आमी भावाभावांनी एकातच पिंजली. आता तुमीच येचा."

गोष्ट इथं संपली असती तर बरी वाटली असती. पण अधिकाऱ्यानं लोकर टेबलावरून झटकली आणि सगळाच माल जप्त केला. परतीच्या गाडीत, गाव जवळ आल्यावर, वडील एवढंच म्हणाले, "माल गेला. दार ऱ्हायलं."

पण दारही खरं राहिलं नव्हतं. जागेच्या उताऱ्यावर चुलत्याचंच नाव होतं, घरातला मोठा म्हणून. लोकांनी वडिलांना सांगून पाहिलं की ते नाव काढा, तुमचं लावा. ते म्हणायचे, मोठ्या भावाचं नाव त्याच्या जितेपणी कसं काढू, तो मेला असं म्हणू का? पुढं तो मेल्याचंही कुणी कळवलं नाही. मग चाचांनी तेच चालवलं. पट्टी चुलत्याच्या नावानं भरायची, पावती चुलत्याच्या नावाची घ्यायची. आमच्याकडं हे नवल नाही. आजही अनेक घरांत पणजोबाच्या नावावर शेत आहे आणि पणतू त्यात तूर पेरतोय. फक्त त्यांचे पणजोबा कराचीला गेलेले नसतात.

वरून पत्र आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं: शत्रू संपत्तीची प्रत्यक्ष पाहणी करून ताब्याबाबत अहवाल पाठवावा. आमच्या तालुक्यात अशी, म्हणजे पाकिस्तानात गेलेल्याच्या नावावर राहिलेली, एकच जागा निघाली. काम माझ्या टेबलाचं होतं, मी अव्वल कारकून. नियम साधा होता. जागेत कोणी राहत असेल, धंदा करत असेल, तर विकण्याआधी त्याला विचारायचं, सरकारी किमतीला घेतोस का? कोणी नसेल तर सरळ लिलाव. म्हणजे चाचांचं दुकान राहतं की जातं, ते ताब्याच्या रकान्यात काय लिहिलं जाईल त्यावर होतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. कळप गोदाकाठाकडं सरकले होते आणि चाचा त्यांच्या मागं गेले होते. त्यांना जाऊन आधी सांगावं असं मनात येऊन गेलं. तशीच बरीच कामं मनात येऊन जातात.

नायब तहसीलदार साहेब नवीन होते, मराठवाड्याबाहेरचे, कामाला चोख. दारापाशी येऊन त्यांनी विचारलं, "कुलूप नाही?" शेजारचा मोबाइलवाला पंच म्हणून उभा होता. तो म्हणाला, चार-सहा आठवडे इथं कोणी दिसलं नाही. ते खरंच होतं. साहेबांनी मला दार उघडायला सांगितलं. कडीला काळा धागा होता. मी पुढं झालो आणि गाठ सोडली. विचार केला नाही, बोटांनीच सोडली. ती गाठ ओढून सुटत नाही. आधी आत ढकलावी लागते, मग ती आपोआप मोकळी होते. धागा माझ्या हातातून उंबऱ्यावर पडला.

आत तराजू होता, एक मोडकी खाट होती आणि कोपऱ्यात जुनी, ओल लागलेली लोकर होती. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "बेवारसच दिसतंय," ते म्हणाले आणि पंचनामा सांगू लागले. मी लिहू लागलो: जागा बंद स्थितीत, कोणाच्याही ताब्यात नाही.

पेन थांबवून एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. सर, हा धागा म्हणजे मालक कामानिमित्त बाहेर आहे, अशी इथली रीत आहे. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझ्यावर दडपण होतं. कोणतंही दडपण नव्हतं. साहेबांनी मला धमकावलं नाही, मोबाइलवाल्यानं काही दिलं नाही. ताबा आहे असं लिहिलं की नोटीस, जबाब, सुनावणी, आणि ती सगळी फाइल माझ्याच टेबलावर. शिवाय मग विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? आणि मला भूक लागली होती. जेवणाची वेळ टळून गेली होती. बास, एवढंच. मोठ्या पापाला मोठं कारण लागतं असं लोकांना वाटतं, म्हणून लिहून ठेवतो.

दाराला सरकारी कुलूप लागलं. त्या दाराला लागलेलं ते पहिलं.

चाचा जीपमध्ये लोकरीची पोती घालून परतले आणि तसेच पोती ओट्यावर टाकून ऑफिसात आले. रागावलेले नव्हते. उलट, आपला माणूस आत आहे म्हणून निश्चिंत होते. माझ्या टेबलापाशी उभे राहिले. खुर्ची पुढं केली तर बसले नाहीत. सरकारी खुर्चीत ते कधीच बसायचे नाहीत. "पाय अवघडत्यात," म्हणायचे. मी शत्रू संपत्तीचा कायदा समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "शत्रू कोण म्हनला?"

"तुमचे चुलते. कागदावर."

"आन् कुलूप कुनाच्या दाराला?"

मी हरकतीचा अर्ज लिहून दिला. त्यांनी सही केली, रकान्याबाहेर. जाताना खिशातून काहीतरी काढून मला दाखवलं. तो काळा धागा होता. "उंबऱ्यावर सापडला," ते म्हणाले. "तुटल्याला न्हाई बरं का, नामा. सोडल्याला हाय." मग तो गुंडाळून पुन्हा खिशात घातला आणि गेले. मी त्या दिवशी दोनदा हात धुतले.

पुढचं लिहिताना माझाच जीव वैतागतो, त्यांचं काय झालं असेल? अर्ज वर गेला. वरून विचारणा आली की जिल्ह्यामार्फत पाठवा. जिल्ह्यामार्फत पाठवला तर तालुक्याचा अभिप्राय मागितला. तालुका म्हणजे आम्ही. आम्ही अभिप्रायासोबत पंचनाम्याची प्रत जोडली, म्हणजे ज्या कागदाविरुद्ध हरकत होती तोच कागद हरकतीला उत्तर म्हणून गेला. एकदा अर्ज परत आला, सही चौकटीबाहेर आहे म्हणून. चाचांनी दुसरी केली, तीही बाहेर. तिसऱ्यांदा मी पेन्सिलनं चौकट मोठी करून दिली. तेवढीच मदत केली मी.

ते दर सोमवारी यायचे. साहेब कधी मीटिंगला, कधी निवडणुकीच्या कामाला, कधी पाहणी दौऱ्यावर. चाचा जिन्याखाली उकिडवे बसून राहायचे. शिपाई म्हणायचा, "चाचा, उद्या या." ते म्हणायचे, "मेंढरं म्हनली, उद्या चरतो, तर काय करशील बे?" हळूहळू ही गंमतही बंद झाली. मेंदी लावायची राहून जायला लागली. दाढी मुळाशी पांढरी, टोकाला केशरी, अशी दुरंगी दिसू लागली.

सुनावणी एकदाची लागली. चाचा आले ते भिवा मेंढक्याला साक्षीला घेऊन. भिवा आमच्याच भावकीतला, पटका बांधलेला. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास, जो माझ्याही अंगाला कधीकाळी येत होता. साहेबांनी पुरावा विचारला. लाइट बिल? वीजच नाही. पावत्या? चुलत्याच्या नावावर. भाडेकरार? स्वतःच्या बापाच्या जागेचा कसला करार? साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखरच काहीतरी हाताला लागायला हवं होतं. त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "अहो, पण पंचनाम्याच्या दिवशी जागा बिनकुलपाची, बेवारस होती. ती तुमची आहे हे आम्ही कशावरून समजायचं?"

चाचांनी धाग्याचं सांगितलं. भिवानं मान हलवली, आमची सगळ्यांची रीत हाय म्हणाला. साहेब थोडे हसले. मग माझ्याकडं वळले. "तुम्ही इथलेच ना? अशी काही पद्धत आहे का?"

'हो' म्हटलं असतं तर पंचनाम्यात मी ते का लिहिलं नाही, हा प्रश्न पुढं होताच.

"ऐकिवात नाही, सर," मी म्हणालो.

भिवाला आधी समजलंच नाही. मग त्यानं तोंड उघडलं, "आरं, हा तर आप्पाचा..." चाचांनी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. चाचा माझ्या तोंडाकडं बघत नव्हते, टेबलावरच्या माझ्या बोटांकडं बघत होते. साहेबांना म्हणाले, "बराबर हाय, साहेब. ह्याला कसं ठाव असंल? हा हापिसात वाढल्याला."

हरकत फेटाळली गेली. लिलाव झाला. ज्यानं जागा घेतली त्यानं रीतसर घेतली, त्याच्याबद्दल तक्रार नाही. दगडी ओटा फोडून तिथं फरशी झाली, फळ्यांच्या दाराच्या जागी शटर आलं. मेंढके आता बाजारात आले की एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून बसतात.

चाचा मला शेवटचे भेटले ते त्याच स्टँडवर. अंबाजोगाईला लेकीकडं कायमचे निघाले होते. एक ट्रंक, एक पिशवी. तराजू त्यांनी भंगारात दिला होता. मी त्यांना बघून खरं तर वळलो होतो, पण मग परत फिरलो. आप्पांना जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. ते असते तर मला परतावंच लागलं असतं, असं काहीतरी मनात आलं. स्टँडच्या हॉटेलात चाचांसमोर जाऊन बसलो.

"चाचा," मी म्हणालो, "ती गाठ मी सोडली होती."

"ठाव हाय की." त्यांनी पोराला चहा सांगितला, एकच कप. "ती गाठ तुला तुझ्या बापानं शिकवल्याली. हापिसातला दुसरा कुनी आसता तर कापावी लागली आसती."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"उंबऱ्यावर धागा उचलला तवापासून."

"मग सुनावणीत भिवाला का थांबवलं? तो बोलला असता तर..."

"त्यानं बोलून काय उपेग व्हता? नोकरी तुझी गेली आसती." त्यांनी ट्रंकेवरची धूळ हातानं पुसली. "बोलायचं तुला व्हतं. सालभर मी दर सोमवारी कशाला येत व्हतो, तुला काय वाटलं? साहेबाला भेटाया?"

चहा आला. चाचांनी नेहमीसारखा अर्धा बशीत ओतला. फुंकर घातली. माझा हात पुढं गेला होता. माझ्याही नकळत, लहानपणापासूनच्या सवयीनं, टेबलाच्या मध्यापर्यंत.

त्यांनी बशी उचलली आणि प्यायली. मग कप उचलला आणि तोही प्यायला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. बाहीनं दाढी पुसली, चहाचे पैसे दिले आणि ट्रंक उचलून अंबाजोगाईच्या गाडीकडं निघाले. मी ट्रंकेला हात लावायला उठलो, तर त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.